धान्याची पिशवी आणि बालसंगोपनचा अर्ज

आमच्या चर्चमध्ये संत विन्सेंट डी पॉल संस्थेचा एक गट आहे. बोलताना सगळे त्याला एसव्हीपी म्हणतात, आणि चर्चपुरत्या गटाला ‘कॉन्फरन्स’. रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेनंतर, पेटी घेऊन दाराशी उभे राहणारे लोक, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख होती. माझं माहेर वसईचं, लग्नानंतर ठाण्यात आले, नोकरी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि शनिवार मोकळे पडायला लागले, म्हणून गटात नाव दिलं. हिशेब लिहायला माणूस हवंय असं सांगून त्यांनी मला घेतलं. घरभेटींना जावं लागेल हे तेव्हा कोणी बोललं नाही, आणि बोललं असतं तर मी बहुधा गेले नसते. परक्याच्या घरात बसून ‘तुमचं महिन्याचं उत्पन्न किती’ हे विचारायचं म्हणजे काय, या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा यायचा.

आमच्या गटाने मला दिलेलं पहिलं घर सप्टेंबर २०२४ मध्ये मिळालं आणि त्या घराचं काम पुढच्या जूनपर्यंत चाललं. त्या नऊ महिन्यांत काय काय लागलं ते इथे लिहून ठेवतेय. चर्चमध्ये असणाऱ्यांनीच वाचावं असं नाही. सोसायटीतल्या कामवाल्या मावशींसाठी, ऑफिसच्या शिपायाच्या घरासाठी कोणाला काही करायचं असेल, तरी यातले निम्मे कागद तेच लागतात.

माहिती आली ती वागळे इस्टेटच्या मागच्या एका चाळीतून. तिथे आमच्या चर्चच्या एक बाई राहतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं मे महिन्यात निधन झालं होतं. टेम्पो चालवायचा, यकृताचा आजार, शेवटचं वर्षभर काम बंदच. मागे बायको, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. कुटुंब मराठा, गाव पाटण तालुक्यात. ‘ते मागणार नाहीत, पण दोन महिन्यांचं भाडं थकलंय,’ एवढंच त्या बाईंनी फादरना सांगितलं होतं.

घरभेटीला कधीही एकटं जायचं नाही, हा या संस्थेतला जुना शिरस्ता. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन हे काम सुरू केलं, आणि रोझाली रेंद्यू नावाच्या सिस्टरने, म्हणजे ननने, त्या पोरांना वस्तीतली घरं दाखवली. पैसे पाठवून मोकळं व्हायचं नाही, घरी जाऊन बसायचं, ही रीत तेव्हाची. माझी जोडीदार होती आमच्या गटातली एक निवृत्त नर्स. तिने तीन हात नाक्यावर रिक्षात बसतानाच सूचना दिल्या: वही बाहेर काढायची नाही, घरात काय आहे ते डोळ्यांनी मोजायचं नाही, चहा दिला तर प्यायचा. पहिल्या भेटीत कसलंही वचन द्यायचं नाही. शेवटची सूचना सगळ्यात अवघड. समोर बसलेली बाई भाड्याचं बोलता बोलता थांबते, तेव्हा ‘आम्ही बघतो’ हे शब्द आपोआप तोंडाशी येतात.

त्या दिवशी गावाहून त्या घरातल्या बाईचे दीर आले होते. मी ‘चर्चमधून आलोय’ म्हटल्यावर त्यांनी सरळच विचारलं, ‘ताई, राग मानू नका, पण यात धर्म बदलायचं वगैरे काही नाही ना?’ मला राग आला नाही असं म्हणणार नाही. माझ्या जोडीदाराला मात्र असल्या प्रश्नाची सवय होती. ती म्हणाली, ‘नाही. आम्ही इथे प्रार्थनासुद्धा म्हणणार नाही. तुम्ही पुढच्या वेळीही बसा, सगळं तुमच्यासमोर होईल.’ ते खरंच पुढच्या भेटीला बसले. उलट बाजूही सांगते. आमच्याच काही लोकांनी मला चर्चच्या आवारात गाठून विचारलं होतं, ‘आपली माणसं संपली का?’ संस्थेच्या नियमात मदतीला धर्माची अट नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी विचारतात.

आमची मीटिंग दर पंधरा दिवसांनी होते. सुरुवातीला प्रार्थना, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब, मग एकेका घराचा अहवाल. नाव घ्यायचं नाही, केस नंबर सांगायचा. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची, म्हणजे पाचशे टाकले की काहीच नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. गटातल्या एका आजोबांची पेन्शन फार थोडी आहे, तरी ते दर वेळी मूठ घालतात. त्या मुठीत काय असतं हा विचार मी करत नाही.

माझ्या केसला मंजूर झालं ते असं: दोन महिन्यांचं थकलेलं भाडं, महिना ६,५०० प्रमाणे १३,०००, थेट खोलीमालकाला चेकने. मुलीच्या शाळेची एका सत्राची फी ७,२००, चेक शाळेच्या नावाने. आणि सहा महिने दरमहा १,५०० रुपयांचा किराणा, ठरलेल्या दुकानातून, तिने यादी करायची आणि बिल आम्ही भरायचं. रोख कोणाच्याच हातात नाही. हे मला आधी अपमानास्पद वाटलं होतं. वहिनींनाच (मी तिला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणते, ती मला आधी मॅडम आणि दिवाळीनंतर ताई म्हणायला लागली) एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘हातात पैसे असते तर गटवाले घेऊन गेले असते.’

गटवाले म्हणजे मायक्रोफायनान्सचा हप्ता. आजारपणात तिने चाळीतल्या बायकांच्या गटातून कर्ज काढलं होतं, शिवाय थोडं सोनं गहाण होतं. कर्ज फेडायला पैसे द्यायचे नाहीत असं आमच्या कॉन्फरन्सने ठरवलेलं आहे, एकाचं फेडलं की पुढच्याला नाही म्हणता येत नाही म्हणून. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. आठवड्याचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकांनी तो भरायचा असतो. म्हणजे ज्या शेजारणी एरवी मुलांना जेवायला बोलावतात, त्याच मंगळवारी दारात उभ्या. पण मीटिंगमध्ये मत पडलं ते पडलं. भाडं आणि किराणा सुटल्यावर तिने हप्ता स्वतः भरायला सुरुवात केली.

सहा महिन्यांनंतर काय, हा प्रश्न खजिनदारांनी पहिल्याच मीटिंगला विचारला होता. आमचा पैसा लवकर मिळतो पण थोडा असतो. सरकारचा उशिरा येतो पण टिकतो. म्हणून पहिल्या महिन्यातच कागदांना हात घातला. इथून पुढचा भाग कंटाळवाणा आहे, पण नेमका तोच उपयोगाचा आहे.

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला. महापालिकेचा दाखला घेताना एकाच वेळी चार-पाच प्रती मागून घ्या, पुढे प्रत्येक टेबलावर मूळ प्रत दाखवावी लागते. नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहा. आमच्याकडे ते जुळत होतं. एका अक्षरासाठी महिना घालवलेली बाई मला नंतर रांगेत भेटली.

मग वहिनींचं आधार. जुना मोबाईल नंबर नवऱ्याचा होता आणि ते सिम बंद झालेलं. ओटीपी कुठे येणार? आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडला, ५० रुपये लागले. बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आहे का हेही विचारलं, कारण सरकारी पैसे हल्ली त्या जोडणीवरच येतात. तिचं होतं, कारण जुलैमध्ये तिने लाडकी बहीणचा अर्ज भरला होता आणि ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांचे ३,००० जमा झाले होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट. विधवा म्हटलं की सगळे संजय गांधी निराधार योजना सुचवतात. तिचे महिना १,५०० मिळतात, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात. शिवाय वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. ठाण्यात भाड्याच्या खोलीत दोन मुलं घेऊन एवढ्यात राहणारी बाई मला अजून भेटायची आहे. आम्ही तो अर्ज केलाच नाही.

रेशनची गोष्ट वेगळीच निघाली. वहिनी म्हणायची, ‘आमचं कार्ड नाही.’ कार्ड होतं, गावी, सासऱ्यांच्या नावावर, आणि ते प्राधान्य कुटुंबाचं होतं. त्यात तिचं आणि दोन्ही मुलांचं नाव. माणशी पाच किलो म्हणजे तिघांचं पंधरा किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून मोफत, दर महिन्याला पाटण तालुक्यात उचललं जात होतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे तेच धान्य ठाण्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं, कार्ड वेगळं न करतासुद्धा. कागदावर हे काम पाच मिनिटांचं. खरं काम होतं सासूबाईंना फोन करायचं. वहिनी आठवडाभर टाळत होती. गावाकडे त्या धान्यावर आणखी दोन तोंडं जेवत होती आणि हिने मागितलं तर ‘मुलगा गेला आणि सून हिशेब करायला लागली’ असं होणार, ही तिची भीती. आम्ही काही बोललो नाही, ते आमचं कामही नाही. शेवटी दीरांनीच मध्ये पडून मिटवलं. पहिल्या भेटीत आम्हाला प्रश्न विचारणारे तेच. नोव्हेंबरपासून तिने आपला वाटा इथे उचलायला सुरुवात केली, आणि किराण्याच्या यादीतून गहू-तांदूळ गेले, डाळ आणि तेल वाढलं.

मुख्य अर्ज होता बालसंगोपनचा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं पूर्ण नाव. आई किंवा वडील गेलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलांना महिना २,२५० रुपये, प्रत्येकी. दोन मुलांचे ४,५००. एवढी मोठी गोष्ट, आणि चाळीत कोणालाही माहीत नव्हती. लाडकी बहीण गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ होती. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे जातो आणि निर्णय बालकल्याण समिती देते.

लागलेले कागद: मुलांचे आणि आईचे आधार, वडिलांचा मृत्यूचा दाखला, दोन्ही मुलांच्या शाळेची बोनाफाईड, राहत्या जागेचा पुरावा, रेशन कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो. आणि घराच्या दारासमोर आई आणि मुलांचा एकत्र फोटो.

उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’वरून घरबसल्या काढता येतो, सेतू केंद्रातूनही मिळतो. आम्ही सेतूत गेलो. तेव्हा सरकारी शुल्क ३३ रुपये ६० पैसे होतं. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत मिळायला हवा आणि साधारण तेवढ्यातच मिळाला. बाहेर बसलेला एक एजंट ५०० च्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करा म्हणून मागे लागला होता. ऑक्टोबरमध्ये शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाल्याची बातमी ताजी होती, त्यामुळे त्याचं बोलणं खरंही वाटत होतं. सरकारी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र दिलं, चाललं. कोणी स्टॅम्प मागितला तर आधी खिडकीवर विचारा, मग खिशात हात घाला.

राहत्या जागेच्या पुराव्यासाठी भाडेकरार हवा होता. मालक करार करायला तयार नव्हता, त्याची कारणं त्याला माहीत. वीजबिल त्याच्या नावाचं. शेवटी मुलीच्या शाळेच्या नोंदीतला पत्ता आणि वहिनींच्या आधारवरचा पत्ता एकच होता, त्यावर भागलं. आधारवर गावाचा पत्ता ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

फोटोचं मात्र मला लागून राहिलं. आमच्या गटात मदत घेणाऱ्यांचे फोटो काढत नाहीत. एका देणगीदारांनी ‘व्हॉट्सॲपवर एक फोटो टाका, बाकी काही नको’ असं सांगितलं होतं, त्यांना आमच्या सचिवांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि ती देणगी पुढे आली नाही. आता सरकारच फोटो मागत होतं. एका शनिवारी दुपारी मी माझ्याच फोनवर काढला. मुलगा सारखा हसत होता, मुलगी त्याला चिमटे काढत होती, वहिनी दारावरच्या वाळलेल्या तोरणाकडे बघून म्हणाली, ‘थांबा, हे काढते आधी.’ तोरण काढलं, केसांवरून हात फिरवला आणि मग उभी राहिली. फोटो प्रिंट करायला दिल्यावर मी फोनमधून काढून टाकला. नंतर तिनेच मागितला, तेव्हा प्रिंटच्या दोन जास्तीच्या प्रती नेऊन दिल्या.

अर्ज तयार झाला तेव्हा विधानसभेची आचारसंहिता सुरू होती. १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. ‘निवडणुकीनंतर या’ हे वाक्य त्या दिवसांत जिथे गेलो तिथे ऐकलं. शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. पोच घेतली. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्यापुढच्या आजींना नुसतं ‘ठेवून जा’ सांगितलं होतं, त्यांनाही परत पाठवून क्रमांक टाकून घेतला.

मग वाट पाहणं. जानेवारीत गृहभेट झाली, म्हणजे सामाजिक तपासणीसाठी कोणीतरी घरी येऊन पुन्हा तेच प्रश्न विचारतं: नवरा कशाने गेला, दारू होती का, आता घर कसं चालतं. मुलीसमोर. वहिनी संध्याकाळी फोनवर रडली. मी त्या दिवशी तिच्याबरोबर नव्हते आणि असायची परवानगीही नसती. तुमच्या ओळखीत कोणाची अशी भेट ठरली तर मुलांना तेवढा वेळ शेजारी पाठवायला आधीच सुचवा, मुलांशी वेगळं बोलायचं असेल तर ते बोलावून घेतात. फेब्रुवारीत समितीपुढे दोन्ही मुलांना घेऊन जावं लागलं. शाळेची एक दिवसाची रजा, तिचा एक दिवसाचा पगार.

पगार, कारण डिसेंबरपासून ती एका पोळी-भाजी केंद्रात सकाळी पोळ्या लाटायला जायला लागली होती, महिना ८,०००. ते काम चाळीतल्याच एका बाईने मिळवून दिलं, आमचा त्यात काही हात नाही. मुलांच्या सकाळच्या शाळेची तयारी सातवीतली मुलगी करायची. मुलगी हे करते याचं मीटिंगमध्ये कौतुक झालं. मला ते कौतुक टोचलं. तिच्या सहामाहीचे गुण घसरले होते, ते कौतुक करणाऱ्यांना मी वाचून दाखवले.

मंजुरीचा आदेश मार्चच्या शेवटी हातात आला. पैसे लगेच येत नाहीत. अनुदान दर महिन्याच्या एक तारखेला जमा होईल असं धरून कोणतंही भाडं किंवा फी ठरवू नका. ते साठून, काही महिन्यांचं एकदम येतं. आमचा सहा महिन्यांचा किराणा मार्चमध्ये संपणार होता. मी मीटिंगमध्ये तीन महिने वाढवून मागितले, त्यावर बरीच चर्चा झाली, कारण उपवासकाळात देणग्या गोळा होण्याआधी गटाच्या खात्यात फारसं नव्हतं आणि प्रतीक्षेत आणखी दोन घरं होती. निम्म्या रकमेवर तडजोड झाली. महिना ७५० चा किराणा.

पहिले पैसे जूनमध्ये आले, शाळा उघडायच्या आठवड्यात. वह्या, मुलाचा गणवेश, आणि गहाण सोन्याचं थोडं व्याज. त्याच आठवड्यात वहिनींनी दुकानदाराला सांगून टाकलं की या महिन्यापासून आमचं बिल चर्चला पाठवू नका. आम्हाला ते दुकानदाराकडूनच कळलं. मी फोन केला तर म्हणाली, ‘ताई, सांगणारच होते. तुम्ही या, पण काही घेऊन येऊ नका.’

इतिवृत्तात मी ‘केस बंद’ असं लिहिलं, तर सचिवांनी ते खोडून ‘मदत बंद, भेट चालू’ असं करायला लावलं. बालसंगोपनची कागदपत्रं वर्षाकाठी पुन्हा द्यावी लागतात: नवीन बोनाफाईड, मुलं शिकत असल्याचा पुरावा. रेशनची ई-केवायसी मुलाची राहिली आहे, त्याचे बोटांचे ठसे मशीन घेत नाही, त्यामुळे आधी त्याचं आधार बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागेल. येत्या शनिवारची वेळ घेतली आहे. त्या घरच्या कागदांची फाईल आता माझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. प्लास्टिकची, बटणाची, वीस रुपयांची. चाळीतल्या आणखी एका बाईचा अर्ज ती स्वतःच भरून देतेय, आणि उत्पन्नाच्या दाखल्याचं काय ते विचारायला परवा तिचा फोन आला होता.